तुम्ही विचारलंत म्हणून: घरापुढच्या कुंड्या चोरीला जाऊ नयेत यासाठी काय करायचं?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "फाटकाजवळच्या कुंड्या रात्रीतून गेल्या. कॅमेरा लावून घेऊ का?" राजेंद्रनगर असो, सुदामानगर असो की लोकमान्यनगर, इंदूरच्या बैठ्या घरांच्या वस्त्यांमधून तो सतत येतो. उत्तर असं की कॅमेरा हवा तर लावा, पण सगळ्यात शेवटी. आधी मुळं बांधा.

रोप चोरणाऱ्याकडे वेळ नसतो. फाटकाच्या गजांतून हात घालायचा, बुंधा धरून हिसका द्यायचा, पिशवीत टाकायचं आणि चालू पडायचं. किंवा दुचाकीवर दोघं, मागच्याच्या मांडीवर कुंडी. दोन्ही प्रकार काही सेकंदांत उरकतात. त्याच कामाला पक्कड काढून दोन मिनिटं बसावं लागलं, तर तो माणूस बहुधा पुढच्या घराकडे जातो. कॅमेऱ्यानं ही दोन मिनिटं वाढत नाहीत, तारेनं वाढतात.

जास्त जातात ती अडेनियम, जेड, सायकस, स्नेक प्लँट आणि बोन्साय. अडेनियम, जेड यांच्या बुंध्यात आणि पानांत पाण्याचा साठा असतो, त्यामुळे मुळं उघडी पडून चार दिवस गेले तरी रोप जगतं आणि विकलंही जातं. भर मे महिन्यात उपटलेला गुलाब मात्र बहुतेक मरतो, म्हणून गुलाब कुंडीसकटच नेतात. मनी प्लँटची गोष्ट वेगळी. तो चोरून लावला तरच लाभतो हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. एका पेराचा तुकडा पाण्यात ठेवला की मुळं फुटतात, आणि मागून आणलेल्या तुकड्यालाही तशीच फुटतात. भिंतीवरच्या वेलाची चार टोकं कापून फाटकाशी बाटलीत ठेवून द्या, वेलाला कोणी हात लावत नाही.

आता बांधायचं कसं ते. एका बारा इंची कुंडीला लागतं ते असं: प्लॅस्टिकचं आवरण असलेला 3 मिमीचा पोलादी वायर रोप दीड-दोन मीटर, त्याच मापाचे यू क्लॅम्प चार, 8 मिमी सळईचा 12 ते 15 सेंटीमीटरचा तुकडा, एक इंच भोकांची वेल्ड जाळी आणि थोडी गॅल्व्हनाइज्ड तार. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांतून हे सगळं सुटं मिळतं. सेंट्रिंगवाले वापरतात ती काळी बाइंडिंग तार घेऊ नका. ती एका पावसाळ्यात गंजून तुटते.

कुंडी रिकामी असताना वायर रोप बुडाच्या भोकातून आत घ्या, सळईच्या तुकड्याभोवती फिरवा आणि दोन क्लॅम्पनी आवळा. सळई भोकापेक्षा लांब असल्यानं ती बाहेर येऊ शकत नाही. क्लॅम्प बसवताना एक चूक हमखास होते. क्लॅम्पचा सपाट भाग भार घेणाऱ्या लांब दोरावर आणि यू-चा वाकडा गज तोकड्या टोकावर बसला पाहिजे. उलट बसवला की ताण येणारा दोरच गजाखाली चेपून कमजोर होतो. दोन क्लॅम्पमध्ये तीन-चार सेंटीमीटर अंतर ठेवा. आतले नट मातीखाली जातात, त्यांची काळजी नाही. बाहेरच्या टोकाच्या नटांवर मात्र एपॉक्सी लिंपा, म्हणजे साध्या पान्यानं फिरणार नाहीत. दोरानं भोकाची जागा अडते, म्हणून पाण्यासाठी शेजारी दुसरं भोक हवंच. मातीच्या कुंडीला ते पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा आणि टोकावर पाण्याची धार धरा, नाहीतर कुंडी तडकते.

यामुळे कुंडी राहील, पण रोप उपटून नेता येईलच. त्यासाठी जाळी. कुंडीच्या आतल्या व्यासापेक्षा दोन सेंटीमीटर लहान गोल कापा, कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्या आणि मध्ये बुंध्याच्या तिप्पट-चौपट रुंद भोक ठेवा. रोप लावून झालं की मुळांच्या गड्ड्यावर ही जाळी बसवा, चीर तारेनं शिवा, आणि जाळीच्या तीन बाजूंनी तारा खाली नेऊन बुडाच्या सळईला बांधा. हे रोप लावतानाच करायचं, कारण नंतर तारा खाली नेता येत नाहीत. वर पाच सेंटीमीटर माती घातली की बाहेरून काहीच दिसत नाही. गड्डा सळई आणि जाळी यांच्यामध्ये अडकतो, आणि दोन-तीन महिन्यांत बारीक मुळं जाळीच्या भोकांतून वर येऊन ती आणखी घट्ट करतात.

मधलं भोक रुंद ठेवायला सांगतो त्याला कारण आहे. बुंधा वर्षागणिक जाड होतो. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. बुंध्याभोवती तार, साखळी किंवा सायकलचं कुलूप आवळून ठेवलं, तर दोन वर्षांत ते सालीत रुततं, अन्न खाली जाणं थांबतं, मुळं उपाशी राहतात आणि झाड वरून हिरवं दिसता दिसता एका उन्हाळ्यात वाळतं. चोरापासून वाचवलेली कितीतरी झाडं अशी गेलेली आहेत. बुंध्याला काहीही बांधू नका.

वायर रोपचं दुसरं टोक कुठे अडकवायचं हा खरा कळीचा मुद्दा. विटांच्या भिंतीत ठोकलेला अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) प्लास्टरसकट निघून येतो. काँक्रीटचा कॉलम किंवा पायरी असेल तर तिथे आय बोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट, बसवा. नसेल तर जमिनीत एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरा आणि त्यात 10 मिमी सळईचा आकडा रोवा. एका आकड्याला चार-पाच कुंड्या अडकवता येतात. गच्चीच्या स्लॅबला मात्र भोक पाडायचं नाही, पावसाळ्यात खाली गळायला लागतं. दोराला वीतभर ढील ठेवा. कुंडी उन्हाप्रमाणे फिरवता आली पाहिजे आणि खालून झाडून घेता आलं पाहिजे.

"कुंडीच जड घेतली तर?" असंही विचारतात. ओल्या मातीनं भरलेली बारा इंची कुंडी साधारण 20 किलोच्या आसपास भरते. एकटा माणूस ती सहज उचलतो. कोकोपीटचं मिश्रण असेल तर त्याहून खूपच हलकी. 18 इंची सिमेंटची कुंडी मात्र एकट्याला जात नाही. वजन वाढवायला बुडाशी दगडांचा थर देतात, तो देऊ नका. पाणी दगडांच्या वर मातीतच अडून राहतं आणि मुळांना कोरडी जागा कमी मिळते. त्यापेक्षा नर्सरीची प्लॅस्टिक कुंडी सिमेंटच्या मोठ्या कुंडीत उतरवा आणि मधल्या जागेत विटांचे तुकडे भरा.

जमिनीतल्या रोपांसाठी हीच जाळी 45 सेंटीमीटर चौकोनाची घ्या आणि कोपरे यू-आकाराच्या सळयांनी खाली ठोका. मुरमाड जागेत एक फुटाची सळई पुरते. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत पुरत नाही. ही माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे उथळ ठोकलेलं सगळं दोन ऋतूंत सैल होऊन वर येतं. इथे दोन फुटांची सळई, तीही तिरकी. आणि लक्षात घ्या, आपण रोपं लावतो जुलैत, तेव्हा माती लोण्यासारखी असते आणि नवं रोप एका हाताच्या हिसक्यानं निघतं. हवा दमट असल्यानं चोरलेलं रोप जगतंही. लावल्या दिवशीच जाळी घाला, "रुजू दे, मग बघू" म्हणून थांबू नका.

फुलं आणि पत्री यांचा विचार मी वेगळा करतो, कारण तोडणारे बहुतेक आपल्याच गल्लीतले, पूजेसाठी निघालेले असतात. इंदुरात एक अडचण अशी की दोन पंचांगं चालतात. उत्तरेकडच्या पौर्णिमांत पद्धतीचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, आणि तो संपल्यावर आपला आणखी पंधरा दिवस चालतो. म्हणजे दारातल्या बेलावर दीड महिना हात पडतो. वडाचंही तेच, अमावास्येला त्यांची पूजा आणि पौर्णिमेला आपली. पुढे हरतालिका, गणपती, दूर्वा, शमी, दसऱ्याला आपटा. पानं खुडल्यानं बेल मरत नाही, फांदी ओरबाडल्यानं त्याची साल खालपर्यंत सोलते आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. अशी फांदी धारदार कात्रीनं जोडाजवळ स्वच्छ कापा आणि बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. रस्त्याकडच्या एक-दोन फांद्या हाताला येतील अशा राखून बाकीच्या वर चढवल्या आणि हिंदीत एक पाटी लावली, "फूल-पत्ती पूछकर लें, टहनी न तोड़ें", तर निम्मा त्रास कमी होतो. जास्वंदीला आणखी सोपा उपाय: उद्या उमलणाऱ्या टपोऱ्या कळ्या संध्याकाळीच काढून ओल्या फडक्यात ठेवा, सकाळी देवापुढे उमलतात. पहाटे झाडावर तोडायला काही उरत नाही.

किमती कुंड्या फाटकापासून निदान तीन फूट आत ठेवा, गजांतून हात पोचतो त्याच्या पलीकडे. कुंपणाला करवंद लावा, दीड-दोन फुटांवर एक. दाट व्हायला दोन वर्षं लागतात, पण मग काट्यांतून कोणी हात घालत नाही. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणं, फुलांवर विषारी औषध मारून ठेवणं असले विचार मनातही आणू नका. त्यानं पोरंबाळं, गाई, कुत्री मरतात, आणि जबाबदार तुम्ही असता.

कॅमेरा लावलाच तर सात-आठ फुटांवर लावा, त्याहून उंच लावल्यास फक्त टोप्या दिसतात. समोर एकही पान नको. रात्री इन्फ्रारेड प्रकाश जवळच्या पानावरून परततो, पान पांढरंफटक दिसतं आणि मागचा चेहरा काळा पडतो.

अंगणात चंदन असेल तर हे सगळं पुरणार नाही. इंदूरच्या जुन्या बंगल्यांतून चंदन कापून नेल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. आत सुगंधी गाभा धरला आहे की नाही हे पाहायला आधी बुंध्यात बारीक भोक पाडतात. असं ताजं भोक दिसलं तर त्याच दिवशी पोलिसांना कळवा.

तक्रारीचं म्हणाल तर ती जरूर करा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीचं कलम 303. "झाड जमिनीत होतं, ती कुठे चोरी?" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. जमिनीला जोडलेली वस्तू सुटी होताच ती चोरीचा विषय होते, आणि उपटणं व नेणं एकाच कृतीत झालं तरी ती चोरीच. किंमत 5,000 रुपयांच्या आत असेल तर गुन्हा अदखलपात्र असतो, इथल्या ठाण्यांच्या भाषेत 'अदम चेक' होतो, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. म्हणून बिलं जपा आणि महिन्या-दोन महिन्यांनी झाडाचे फोटो काढा, फांद्यांची ठेवण आणि कलमाचा जोड दिसेल असे. कुंडी चोर फेकून देतो, तेव्हा खूण कुंडीवर करून उपयोग नाही. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा पट्टीसारखा कापा, बॉलपेननं दाबून त्यावर तुमची खूण कोरा आणि मुळांत चार इंच खोल पुरा.

आणि ज्या झाडाचा जीव लागला आहे, त्याचं दुसरं रोप करून ठेवाच. जास्वंद, मोगरा यांची पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काडीची छाटकलमं जुलैत लागतात. जुन्या, दुर्मीळ झाडाची गुटी बांधा: एक इंच रुंद सालीची कडी काढून, ओलं शेवाळ गुंडाळून, प्लॅस्टिकनं घट्ट बांधून. दीड-दोन महिन्यांत मुळं दिसली की खालून कापा, पंधरा दिवस सावलीत ठेवा, आणि मग ते रोप दुसऱ्या गल्लीतल्या मावशींकडे किंवा काकूंकडे वाढायला द्या. आपल्याच ओट्यावर शेजारी ठेवलं तर दोन्ही एकाच रात्री जातील.