तळं आटल्यावर तिथं काय बघता?

"मॅडम, पाणीच न्हाई, तर तळ्यावर बघताय काय?" माण तालुक्यातल्या आमच्या पाझर तलावाच्या बांधावर पक्षी बघायला दुर्बीण घेऊन उभी राहिले, की मेंढरांमागचे लोक हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

2023 चा पावसाळा आठवतोय ना? त्या वर्षीचा ऑगस्ट म्हणजे 1901 पासूनचा देशातला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट. बहात्तरच्या दुष्काळी कामांतून झालेलं आमचं तळं निम्मंही भरलं नाही आणि दिवाळीपासूनच पाणी मागं सरायला लागलं. पण पाणी उतरलं म्हणून तळं ओस पडत नाही, तिथली मंडळी बदलतात. टिबुकल्या बुडी मारून खातात, त्यांना खोली लागते. त्या आधी गेल्या. वीतभर पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे उतरले. मासे एका डबक्यात कोंडले तेव्हा चित्रबलाक आले. अर्धवट उघडी चोच पाण्यात घालून ते चालत राहतात. मासा चोचीला लागला, की चोच खटकन मिटते. उरलेल्या चिखलावर तुतारी आणि धोबी हे छोटे पक्षी. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला लोक येरळवाडीच्या तलावावर जातात, जावंच. पण हे आपल्या गावात होतं.

उन्हाळ्यात भेगाळलेल्या तळात टिटवीची जोडी उरली. खड्यांमध्ये चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. भर दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. मधेच उठून ती जनावरांच्या हौदाजवळच्या ओलीत जायची, पोटाची पिसं भिजवायची आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसायची. उन्हानं तापलेली अंडी गार ठेवायची ही तिची रीत. ते बघताना माझ्याच घशाला कोरड पडायची.

आणि जे दिसत नाही तेही तिथंच असतं. बेडूक मातीत खोल जाऊन पडून राहतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात नर पिवळेजर्द होऊन वर आले आणि रात्रभर ओरडले.

म्हणून मे महिन्यात गाळ काढायला जेसीबी येतो, तेव्हा मी गावाकडे एकच मागते. गाळ जरूर काढा, रानाला तो सोन्यासारखा आहे. पण ओढा येऊन मिळतो तिकडची उथळ कड तेवढी खोदू नका. सगळीकडून उभे काठ केले, तर पाणी जास्त मावेल, पण शेकाट्यांना पाय टेकायला जागा उरणार नाही.