महागडा हेडसेट घ्यावा का: अक्षरं, वजन आणि तासांचा हिशेब

आमच्या हौशी गटात सध्या एकच प्रश्न फिरतोय: अ‍ॅपलचा एम५ चिपचा नवा व्हिजन प्रो, म्हणजे डोळ्यांवर चढवून आपल्याच खोलीत आभासी पडदे आणि वस्तू दाखवणारा मिश्र वास्तवाचा हेडसेट, घ्यावा की आहे त्यावर भागवावं? माझ्याकडे मेटाचा क्वेस्ट ३ हा त्याच प्रकारचा स्वस्त हेडसेट आहे आणि तो रोजच्या वापरात आहे. गटातल्या एका ताईंनी त्यांचा एम२चा, म्हणजे पहिला व्हिजन प्रो काही आठवडे माझ्याकडे ठेवला. दोन्ही शेजारी ठेवून जे जे तपासता आलं, ते इथे नोंदवते.

आकडे आधी मांडते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३मध्ये ४९९ डॉलरला आला. व्हिजन प्रो २ फेब्रुवारी २०२४ला अमेरिकेत ३,४९९ डॉलरला विक्रीला आला, आणि ऑक्टोबर २०२५मधली एम५ आवृत्तीही त्याच किमतीची. त्याच महिन्यात सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर १,७९९ डॉलरला आला. म्हणजे सगळ्यात वरच्या आणि खालच्या किमतीत सातपटीचं अंतर. हे सातपट पैसे नेमके कुठे जातात आणि त्यातलं माझ्या कामाचं किती, एवढंच मला शोधायचं होतं.

अक्षरं

माझा निम्मा वेळ वाचण्यात आणि थ्रीडी मॉडेलवर काम करण्यात जातो, म्हणून सुरुवात अक्षरांपासून केली. जाहिरातीत एकूण पिक्सेल सांगतात. व्हिजन प्रोचे दोन्ही डोळ्यांचे मिळून २.३ कोटी. पण एवढ्यावरून वाचनाचा अंदाज येत नाही, कारण तेच पिक्सेल लेन्समधून केवढ्या जागेवर पसरतात ते महत्त्वाचं. म्हणून एका अंशात किती पिक्सेल बसतात ते बघायचं. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरा, तिची रुंदी साधारण एक अंश भरते. निरोगी नजरेला त्या एका अंशात सुमारे ६० पिक्सेल वेगवेगळे ओळखता येतात.

आता टेबलावरच्या मॉनिटरचं गणित करून पाहा. २७ इंची फोरके मॉनिटर ६० सेंटिमीटरवर असेल तर एका अंशात सुमारे ६७ पिक्सेल येतात. २४ इंची साधा फुल एचडी असेल तर ३८. क्वेस्ट ३मध्ये हा आकडा २५ आहे, व्हिजन प्रोमध्ये सुमारे ३४. म्हणजे ३,४९९ डॉलरचा हेडसेट अक्षरांच्या धारदारपणात एका साध्या फुल एचडी मॉनिटरच्या जरा खाली येऊन थांबतो. हा हिशेब मांडला तेव्हा माझ्या मनातली बरीच धूळ खाली बसली.

याचा व्यवहारात अर्थ असा. हवेत ६० अंश रुंदीचा पडदा उभा केला, तर व्हिजन प्रोमध्ये त्याच्या वाट्याला आडवे साधारण २,०४० पिक्सेल येतात आणि क्वेस्टमध्ये १,५००. खरा फोरके पडदा पिक्सेलला पिक्सेल दाखवायचा तर ३,८४० भागिले ३४, म्हणजे ११३ अंश रुंदी हवी. तेवढा पडदा एका नजरेत मावत नाही, मान फिरवावी लागते. मोठ्या पडद्यावर चार खिडक्या उघडून आळीपाळीने बघणाऱ्याला हे चालेल. एकाच खिडकीत बारीक अक्षरांचा कोड वाचणाऱ्याला मॉनिटरच बरा.

आणखी एक बारकावा वापरताना लक्षात आला. संगणकाचा पडदा आत आणला की चित्र दोनदा घडतं: एकदा संगणकावर आणि पुन्हा हेडसेटमध्ये, तिरप्या कोनात ताणून. त्यात कडा मऊ पडतात. हेडसेटच्या स्वतःच्या ॲपमधली अक्षरं थेट आतच रेखाटली जातात, म्हणून ती स्वच्छ दिसतात. ताईंच्या व्हिजन प्रोवर मी लांबलचक लेख त्यातल्याच ब्राउझरमध्ये वाचले आणि वाचन अगदी सुखाचं झालं. क्वेस्टवर तेच लेख अक्षरं दीडपट मोठी करून वाचते. नव्या एम५ आवृत्तीत पॅनल, म्हणजे आतले छोटे पडदे, बदललेली नाहीत, पण चिप जास्तीची ताकद वापरून सुमारे १० टक्के जादा पिक्सेल रेखाटते, आणि पडद्याचा वेग १२० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १२० चित्रांपर्यंत, जातो. फरक खरा आहे. मात्र ज्यांच्याकडे एम२ आहे त्यांनी तेवढ्यासाठी पुन्हा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

वजन, आणि वाळूच्या पुड्या

हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते महागड्या हेडसेटचा खरा निकाल इथेच लागतो. चित्र कितीही सुंदर असो, अर्ध्या तासात हात डोक्याकडे जाऊन पट्टा सोडवू लागला तर त्या चित्राचा उपयोग काय?

छापील वजनं अशी: क्वेस्ट ३ बॅटरीसकट ५१५ ग्रॅम. पहिला व्हिजन प्रो ६०० ते ६५० ग्रॅम, एम५चा ७५० ते ८०० ग्रॅम, आणि व्हिजन प्रोची बॅटरी वेगळी, ३५३ ग्रॅमची, खिशात. गॅलेक्सी एक्सआर ५४५ ग्रॅम, त्याचीही ३०२ ग्रॅमची बॅटरी वेगळी. हे वाचून पहिला विचार येतो की एम५ जास्त जड, म्हणजे जास्त त्रासाचा. तसंच होतं का, ते पाहायला मी घरीच प्रयोग केला. बारीक वाळू छोट्या झिपच्या पिशव्यांत भरली, काट्यावर तोलली आणि वेलक्रोने क्वेस्टला लावत गेले.

आधी सगळी वाळू पुढे, चष्म्याच्या बाजूला, लावून एकूण वजन ६५० ग्रॅमवर नेलं. गाल आणि कपाळावर दाब लगेच जाणवला, आणि वाचताना मान नकळत खाली झुकू लागली. मग पुढचं तसंच ठेवून मागे, पट्ट्याच्या खालच्या भागात, आणखी १५० ग्रॅम लावली. एकूण ८००. आणि हा जड संच आधीच्या हलक्या संचापेक्षा कितीतरी सुसह्य झाला. गालांवरचा दाब उतरला, मान सरळ राहिली.

कारण साधं आहे. मानेचे स्नायू नुसतं वजन उचलत नाहीत, ते पुढे लोंबणारं वजन मागे ओढून धरतात. हेडसेटचा भार मानेच्या मणक्यांपासून जितका पुढे, तितकी ती ओढ मोठी. मागे थोडं वजन ठेवलं की भाराचा मध्य मागे सरकतो आणि ओढ कमी होते, बादली एका हातात धरण्याऐवजी दोन हातांत दोन धरल्यावर चालणं सोपं होतं तसं. एम५सोबत येणाऱ्या ड्युअल निट पट्ट्यात कंपनीने मागच्या बाजूला टंगस्टन हा जड धातू घातलाय ते याचसाठी, आणि वाढलेल्या वजनाचा मोठा वाटा त्या पट्ट्याचाच आहे. हा पट्टा वेगळाही मिळतो आणि जुन्या व्हिजन प्रोलाही बसतो. एम२वाल्या मंडळींनी पहिला खर्च करायचा तर त्यावर करावा, असं मी आग्रहाने सांगेन.

पण वाळूच्या प्रयोगाची दुसरी बाजूही आहे. तेच ८०० ग्रॅम लावून उभ्याने हालचालीचा खेळ खेळले, तेव्हा मान झटकन वळवली की हेडसेट क्षणभर मागे राहायचा आणि मग पुढे झेपावायचा. तोल साधला तरी जडत्व कमी होत नाही. म्हणून माझा निष्कर्ष सरळ दोन फांद्यांचा आहे: बसून वापरायचा तर तोल बघा, उभ्याने नाचायचं तर एकूण वजन बघा. व्यायाम आणि खेळ हीच मुख्य हौस असेल तर तीन हजारांवरचा हेडसेट त्यासाठी मुळीच योग्य नाही. हलकाच घ्यावा.

समोरची खोली

मिश्र वास्तवाचा प्राण म्हणजे पासथ्रू, म्हणजे कॅमेऱ्यांतून दिसणारी आपलीच खोली. पॉल मिल्ग्राम आणि फुमिओ किशिनो या संशोधकांनी १९९४मध्ये खऱ्या आणि आभासी जगामधली सलग पट्टी मांडली होती. आजचे हे हेडसेट त्या पट्टीवर इकडून तिकडे सरकतात, आणि ते सरकणं किती विनाखटका होतं हे पासथ्रूवर ठरतं.

मी तीन गोष्टी केल्या: व्हर्नियरवरचं (बारीक मापं घ्यायच्या पट्टीवरचं) माप वाचणं, पेल्यात पाणी ओतणं, आणि भिंतीवर आपटून परत येणारा चेंडू झेलणं. चेंडूने सगळ्यात जास्त शिकवलं. व्हिजन प्रोमधली आर१ चिप कॅमेऱ्यातलं चित्र १२ मिलिसेकंदांत डोळ्यांपुढे आणते, असं अ‍ॅपल सांगते. सेकंदाला एक मीटर वेगाने हलणारा हात तेवढ्यात १.२ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. हीच दिरंगाई ४० मिलिसेकंदांची असती तर ४ सेंटिमीटर, म्हणजे चेंडू बोटांना चाटून निघून जातो. ताईंच्या हेडसेटवर मी चेंडू आरामात झेलले, पाणी न सांडता ओतलं, व्हर्नियरही वाचला. सातपट किमतीतला एक मोठा वाटा इथे गेलाय, आणि तो वाया गेलेला नाही.

प्रकाशाचं मात्र सगळ्यांनाच सारखं बंधन आहे. संध्याकाळी एकाच दिव्यात छोट्या कॅमेऱ्यांना पुरेसा प्रकाश मिळत नाही. मग चित्रात दाणे येतात, आणि मान हलवली की कडा फराटतात. किंमत वाढली की हे कमी होतं, संपत नाही. माझा उपाय: टेबलाच्या मागून छताकडे तोंड करून एक जादा दिवा. छतावरून परतणाऱ्या प्रकाशाने पासथ्रूत जेवढी सुधारणा झाली तेवढी कुठल्याच सेटिंगने झाली नाही.

मॉडेल जागच्या जागी राहण्याबद्दलही एक सूचना. मी खुर्चीचं मॉडेल खऱ्या मापात जमिनीवर ठेवते आणि त्याच्या पायांपाशी चिकटपट्टीच्या खुणा करते. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर मॉडेल खुणांवरून हळूहळू सरकतं, कारण जागा ओळखायला कॅमेऱ्यांना कोपरे आणि ठिपके लागतात. भिंतीवर दोन-तीन भडक चित्रं लावल्यावर ते हलेनासं झालं.

डोळ्यांच्या ताणाबद्दल थोडक्यात. या सगळ्या हेडसेटमध्ये लेन्सचा फोकस एकाच ठरावीक अंतरावर बांधलेला असतो. आभासी वस्तू नाकाजवळ आणली की बुबुळं आत वळतात पण फोकस लांबच राहतो, आणि त्या ओढाताणीने डोळे शिणतात. खिडक्या दीड-दोन मीटरवर ठेवल्या की फार वेळ बसता येतं. पैसे जास्त दिले म्हणून यात फरक पडत नाही.

किती वर्षं?

महागड्या हेडसेटची भीती मला चिप जुनी होण्याची वाटत नाही. त्याचा आधार काढून घेतला जाण्याची वाटते. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ हा हेडसेट २०१९मध्ये ३,५०० डॉलरला आला, २०२४मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. विंडोज मिक्स्ड रिॲलिटी ही हेडसेट चालवणारी मायक्रोसॉफ्टचीच प्रणाली विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीतून काढूनच टाकली, आणि तिच्यावर चालणारे चांगले धडधाकट हेडसेट त्या आवृत्तीवर निकामी झाले. मॅजिक लीप या कंपनीच्या पहिल्या हेडसेटची सेवा २०२४च्या शेवटी बंद झाली. म्हणून मी हिशेबात तीनच वर्षं धरते. चौथं मिळालं तर आनंद.

तीन वर्षं रोज एक तास वापर झाला तर १,०९५ तास, आणि ३,४९९ डॉलर भागिले तेवढे म्हणजे तासाला ३.२ डॉलर. आठवड्यातून दोनच तास वापर झाला तर ३१२ तास आणि तासाला ११ डॉलरच्या वर. त्याच ३१२ तासांना ४९९चा हेडसेट १.६ डॉलर पडतो. स्वतःचा आकडा काढताना उत्साहाच्या पहिल्या महिन्यातला वापर धरू नका. हातात आहे तो हेडसेट सध्या आठवड्याला किती तास डोक्यावर असतो, तो आकडा घ्या.

माझं ठरलेलं

एम५चा नवा हेडसेट मी घेत नाहीये. माझा वापर वाचन आणि मॉडेल असा बसून करायचा आहे, त्यामुळे व्हिजन प्रो मला मनापासून आवडला आणि परत देताना हात जड झाला, हे खरं. पण मला त्यातून जे हवं ते एम२मध्येही जवळजवळ सगळं आहे. म्हणून वापरलेला एम२ अधिक ड्युअल निट पट्टा, या जोडीच्या शोधात आहे. तुम्हीही त्या वाटेने जाणार असाल तर दोन गोष्टी आधी विचारा: चेहऱ्याला टेकणारं लाइट सील कोणत्या मापाचं आहे, कारण ते चेहऱ्यागणिक बदलतं आणि चुकीच्या मापाचं असेल तर दृश्याचा आवाकाही घटतो आणि दाबही वाढतो. आणि चष्मा असेल तर आतल्या नंबरच्या भिंगांचा खर्च वेगळा धरा, कारण आधीच्या मालकाची तुम्हाला चालणार नाहीत. लेन्स उन्हात ठेवली गेली होती का तेही बघा. सूर्याचा किरण उलटा आत शिरला की पॅनलवर कायमचा डाग पडतो. पांढरं पान उघडून चारही कोपरे नीट न्याहाळा.

ज्यांच्याकडे मॅक आहे, जे सतत प्रवासात असतात आणि मोठा पडदा सोबत नेऊ शकत नाहीत, किंवा जे या उपकरणांसाठी ॲप बनवतात, त्यांना नवा एम५ घेण्यापासून मी रोखणार नाही. बाकीच्यांनी आधी वाळूचा प्रयोग करावा. पुढे १३५ आणि मागे १५० ग्रॅम, एवढं क्वेस्ट ३ला लावलं की वजनाचा अंदाज येतो. एक अख्खा चित्रपट तसाच बघा. कुणाकडे गॅलेक्सी एक्सआर असेल तर त्याचा तोल कसा आहे ते नक्की कळवा, मला तो अजून डोक्यावर चढवायचा आहे.