तुम्ही विचारलेत म्हणून : त्या एका तबकडीविषयी

बीटल्स या इंग्लिश बँडचे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे गाणे त्यांच्याच ‘सार्जंट पेपर्स’ या अल्बममध्ये का नाही, आणि ते तिथे असायला हवे होते की नको, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारला जातो. पूर्वी मी तावातावाने उत्तर देत असे, अलीकडे विषय बदलतो. आज एकदाच सविस्तर लिहितो.

‘का नाही’ याचे उत्तर सरळ आहे. नोव्हेंबर १९६६मध्ये बीटल्सनी या नव्या अल्बमचे ध्वनिमुद्रण सुरू केले ते याच गाण्याने. पण बाजारात त्यांचे नवे काही आले नव्हते आणि कंपनीला सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेली छोटी तबकडी, हवी होती, म्हणून निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी हे गाणे आणि ‘पेनी लेन’ फेब्रुवारी १९६७मध्ये एकाच तबकडीच्या दोन बाजूंना देऊन टाकले. सिंगल म्हणून विकलेले गाणे शक्यतो पुन्हा अल्बममध्ये घालून त्याच गिऱ्हाइकाकडून दुसऱ्यांदा पैसे घ्यायचे नाहीत, असा त्यांचा शिरस्ता होता. मार्टिन यांनीच पुढे ही गाणी अल्बमबाहेर ठेवणे ही आपल्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी चूक असल्याचे म्हटले, आणि तरुणपणी वादात मी तेवढेच पुढे करत असे. अमेरिकेत त्याच वर्षी हे गाणे त्यांच्या दुसऱ्या एका एलपीत, म्हणजे मोठ्या तबकडीत, घातले गेले, ते मी कधी हिशेबात धरले नाही आणि आजही धरत नाही.

‘हवे होते का’ याचे उत्तर मात्र माझ्या घरात अडकले आहे.

अकरावीत असताना पुण्याच्या जुन्या बाजारातून मी ती तबकडी आणली. आई शेजारी बसून स्वरमंडळ, म्हणजे गाण्याच्या साथीचे तंतुवाद्य, सुरात लावत होती. ते मांडीवर आडवे, हातात किल्ली, कान तारेशी. गाण्याचे पहिले मिनिट संपत आले तशी तिने मान वर केली आणि विचारले, “इथे गाणारा बदलला का रे?” थोड्या वेळाने तारांवरून उतरत गेलेला झणत्कार ऐकून ती म्हणाली, “आणि हे तर स्वरमंडळ आहे.” मी “तुला यातले काय कळते!” म्हणालो आणि सुई उचलली. ती काही बोलली नाही. तिने किल्ली पुन्हा खुंटीला लावली. त्यानंतर माझ्या कोणत्याही तबकडीविषयी तिने एक शब्दही विचारला नाही.

तिचे दोन्ही बरोबर होते. स्वरमंडळ बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने वाजवले आहे. गाणारा त्यांच्यातला जॉन लेननच, पण दोन वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांतला : सातव्या टेकची, म्हणजे सातव्या वेळच्या मुद्रणाची, सुरुवात आणि ट्रम्पेट-चेलोंचा साज असलेल्या सव्विसाव्या टेकचा पुढचा भाग. लेननला एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता. दोन्हींची लय वेगळी होती आणि सूरही वेगळा होता. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी फितींचा वेग कमी-जास्त करून दोन्ही जुळवले, आणि साधारण साठाव्या सेकंदाला टेप कापून सांधा मारला. एका गृहिणीच्या कानाने तो एका ऐकण्यात पकडला होता. हे मी वाचले तेव्हा आई जाऊन चार वर्षे झाली होती.

म्हणून मला आता वाटते की हे गाणे एकटेच आले ते बरे झाले. मागेपुढे काही नसलेली ती तबकडी होती, म्हणूनच आईचा कान तिथे ठरला. अल्बमच्या ओघात ते मिनिट निसटून गेले असते. हे प्रेमाचे मत आहे, संगीताचे नव्हे, असे तुम्ही म्हणाल, आणि मला ते खोडता येत नाही. अकरावीतला तो मुलगा तर अजून भांडतो : बीटल्सच्या लिव्हरपूलमधल्या बालपणावर बेतू पाहिलेल्या अल्बममधून त्याच शहरातल्या अनाथाश्रमाचे नाव धारण करणारे गाणे काढले, तर मग उरले काय? त्याचेही म्हणणे मला खोटे वाटत नाही.

आणि ‘पेपर्स’ची पहिली बाजू लावण्याआधी मी आजही ती तबकडी लावतो, हेही खरे आहे.