इन्व्हर्टर असताना यूपीएस कशाला?

वळिवाचे दिवस आले की सांगलीत गेम खेळणाऱ्यांच्यात हा वाद हमखास रंगतो. एक म्हणतो, "घरात इन्व्हर्टरला दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी आहे, अजून यूपीएसला पैसे कशाला घालायचे?" दुसरा म्हणतो, "पंखा फिरतोय रे, पण पीसी रिस्टार्ट झाला की!" यूपीएस म्हणजे लाइट जाताच पीसीला बॅटरीवर घेणारा छोटा डबा. बॅकअप किती तास, यावर भांडून उपयोग नाही. घोडं पेंड खातंय ते मिलिसेकंदांत.

लाइट गेल्यावर पीसीचा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, स्वतःच्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर साधारण १५ ते २० मिलिसेकंद तग धरतो, पूर्ण लोडवर त्याहूनही कमी. घरगुती इन्व्हर्टरला यूपीएस आणि ईको असे दोन मोड असतात. तो यूपीएस मोडवर असेल तर १० ते १५ मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, ईको मोडवर ४० पर्यंत लागू शकतात. म्हणून नुसतं गाणं लावलेलं असताना कधीकधी निभावतं, आणि मॅच रंगात आली की स्क्रीन काळी.

मग इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर टाकलं की झालं? शहरात बहुतेक वेळा झालं. पण यूपीएस मोड साधारण १८० ते २६० व्होल्टच घेतो, ईको शंभरच्या आसपासपर्यंत चालवून घेतो. मळ्यातल्या घरात संध्याकाळी व्होल्टेज १७० वर उतरलं की लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरी खात बसतो, आणि खरी लाइट जाते तेव्हा बॅटरी बसलेली असते. तिथं इन्व्हर्टर ईकोवरच ठेवा आणि पीसीपुरता लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस (व्होल्टेजचा चढउतार स्वतः सावरणारा) घ्या. फक्त इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच सलग लाटेची वीज देणारा हवा. स्क्वेअर वेव्हची वीज बरेच यूपीएस मानतच नाहीत. ते स्वतःच्या बॅटरीवर चालत राहतात आणि थोड्या वेळात पीं-पीं करून बंद पडतात.

यूपीएस घेताना डब्यावरच्या व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर) आकड्याला भुलू नका, खरी ताकद वॉटमध्ये बघा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॉटच देतो. ग्राफिक्स कार्डवाला पीसी आणि मॉनिटर मिळून ४०० वॉट ओढत असतील तर लाइट जाताक्षणी ओव्हरलोड. अशाला १००० व्हीए, म्हणजे साधारण ६०० वॉट, बघा. ६०० व्हीएमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते. कागदावर ८४ वॉट-अवर. ३०० वॉटला १७ मिनिटं निघतात, पण एवढा करंट ओढल्यावर प्रत्यक्षात निम्मीही मिळत नाहीत. सेव्ह करून बंद करायला तेवढी पुरतात. यूपीएसवर खेळत बसायचं नसतंच.

पीएस५ ला (प्लेस्टेशन ५ कन्सोल) गेम चालू असताना साधारण २०० वॉट लागतात, त्यामुळे तिथं ६०० व्हीए चालतो. रोज लाइट जात असेल तर रेस्ट मोडचा, म्हणजे अर्धवट झोपेत ठेवण्याचा, मोह सोडा, पूर्ण बंद करा.

आणि सगळं करून राउटर विसरायचा नाही, ही चूक तर घरोघरी. पीसी जिवंत, राउटर मात्र रिस्टार्ट होतोय, तोवर मॅच गेली. राउटरला छोटा डीसी यूपीएस मिळतो. ॲडॅप्टरवरचा व्होल्ट तंतोतंत जुळवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो, पिनचा प्लस-मायनस तपासा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप द्या. एवढं करूनही नेट जात असेल तर केबलवाल्याच्या गल्लीतल्या बॉक्सला बॅकअप नाही; तिथं आपला यूपीएस काय करणार? मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि तेवढा वेळ रँक्ड (क्रमवारीच्या) मॅच खेळू नका.