टिकतात का हो हे रंग?

प्रदर्शनात टेबलावर मी घरी केलेल्या नैसर्गिक रंगांच्या डब्या मांडल्या की पहिला प्रश्न ठरलेला: "टिकतात का हो हे रंग?" तुम्हीही तोच विचारलात, म्हणून एकदा नीट सांगते. माती टिकते. पानाफुलांचं बहुतेक टिकत नाही.

माझा तांबडा चिरेखाणीतला. रत्नागिरीकडे जांभ्याचे चिरे कापताना पडणारी भुकटी कुणालाच नको असते. पोतंभर न्या म्हणतात. घरी ती बादलीत ढवळायची आणि मनात वीस आकडे मोजायचे, तेवढ्यात रेव खाली बसते. वरचं गढूळ पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी तळाशी लोण्यासारखा गाळ मिळतो. तो वाळवून वस्त्रगाळ करायचा, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात थेंबभर मध घालून घोटायचा, झाला रंग. हा तांबडेपणा गंजलेल्या लोखंडाचा. जे आधीच गंजून बसलंय, त्याचं ऊन काय वाकडं करणार? अजिंठ्याच्या भिंतींवरचे तांबडे-पिवळेही अशाच मातीतले आहेत.

कांद्याच्या सालींचा प्रकार वेगळा. भाजीवाल्याकडे त्या फुकट मिळतात. उकळायच्या, गाळायच्या, त्या पाण्यात तुरटी विरघळवायची आणि मग धुण्याचा सोडा घालायचा, तोही चमच्याचमच्याने. रंग गाळ होऊन खाली बसतो. पहिल्या वेळी मी सोडा एकदम ओतला आणि फेस उसळून थेट ओट्यावर आला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त फडकं आणून दिलं. ओट्यामागच्या पांढऱ्या फरशीच्या सांध्यांत तो पिवळा अजून आहे. कागदावरचा मात्र उन्हात विटतो!

"पण नैसर्गिक आहे ना, मग चांगलंच की," असंही काही जण म्हणतात. त्यांना मी हरताळाची आठवण देते. पोथीतली चूक झाकायला तो पिवळा फासत, तिथूनच आपला 'हरताळ फासणे' आला. तोही जमिनीतूनच निघतो, आणि त्यात आर्सेनिक असतं. मी तो घरात आणत नाही.

मातीच्या डब्यांवर मी फक्त गावाचं नाव घालते. कांद्याच्या डबीवर लिहिते, 'वहीत वापरा, भिंतीवर नको.' हळद तर विकतच नाही. भाचीच्या वाढदिवसाला हळदीने झेंडू आणि गेरूने कुंड्या रंगवून दिल्या होत्या. तिने ते चित्र हौसेनं खिडकीसमोर लावलं. दोन महिन्यांत झेंडू गेले, रिकाम्या कुंड्या तेवढ्या राहिल्या. मी म्हटलं, दुसरं देते, हे काढून टाक. तर म्हणाली, "नको मावशी. येताना हळदच घेऊन ये."