एका दाढेचे ३४ दिवस

मंगळवार, रात्री

आज कॅप बसली. उजवीकडची खालची दाढ. रूट कॅनाल सुरू झालं त्या दिवसापासून मोजले तर ३४ दिवस. त्यात प्रत्यक्ष खुर्चीवर बसले ते सगळं मिळून पाचएक तास.

आत पू होता म्हणून रूट कॅनाललाच तीन खेपा झाल्या. मग दाढ भरली आणि आठवड्याने कॅपसाठी घासली, वरून जवळजवळ दोन मिलिमीटर. सुई दिलेली होती, दुखलं नाही, पण तो आवाज कानशिलात घुमत राहतो. हिरडी बाजूला सारायला बारीक दोरा भरला, माप घेतलं, दातांशेजारी नमुने धरून रंग ठरवला, तात्पुरती कॅप चिकटवली.

पुढचे नऊ दिवस लॅबचे. त्यातच भाचीचं लग्न, आणि मी एका बाजूने जेवून वैतागलेली. एका दिवसात होत नाही का, असं जरा चिडूनच विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, होते, पण त्यासाठी तोंडात स्कॅनर फिरवून माप घ्यायचं आणि तिथेच कॅप कोरायचं मशीन लागतं. आमच्याकडून माप कोल्हापूरला जातं. माझी कॅप झिरकोनियाची, म्हणजे एका पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची. ती आधी मुद्दाम मोठी कोरतात, कारण दीड हजार अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत ती सुमारे पाचव्या हिश्श्याने आकसते. हे ऐकलं आणि राग गेला.

लग्नात बुंदीच्या लाडवाने तात्पुरती कॅप निघाली. फोन केला तर म्हणाल्या, उद्याच या, शेजारचे दात सरकले तर नवीन कॅप बसणार नाही. मी दोन दिवस चालवून घेणार होते!

आज निळा कागद दाताखाली धरून चावायला लावलं. कुठेतरी खडा लागल्यासारखं वाटत होतं, पण सांगायचा संकोच. डॉक्टरांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. "काकू, आत्ता बोला, नाहीतर रात्री दाढ ठणकेल." मग दोनदा घासून दिली, खडा गेला.

निघताना ट्रेमधला प्लास्टरचा साचा पाहिला. त्यात माझी घासलेली दाढ, हरभऱ्याएवढा खुंट. त्याला मी बोटही लावून पाहिलं.

सिमेंट पक्कं व्हायला २४ तास. आज उजवीकडे काही नाही, फक्त दूधभात, तोही डावीकडून. भाकरी उद्या रात्री.