आमची वाटचाल : पेशंटसोबत त्याचं घरही समजून घेताना

पुण्यात घरी येऊन पेशंट सांभाळणाऱ्या नर्स, ब्रदर म्हणजे पुरुष नर्स, आणि पेशंटची बाकीची देखभाल करणाऱ्या मावशी पुरवायचं काम आम्ही करतो. मी स्वतः जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, बरीच वर्षं वॉर्डात ड्युटी केली. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांच्या हातात फाईल आणि औषधांची पिशवी पडायची, पण राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, फीड देताना पेशंटला डोक्याकडून उंच का करायचं, युरीन बॅग कमरेच्या खाली का ठेवायची, बेडसोअर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस का बदलायची हे सगळं घाईघाईत उभ्या उभ्या सांगून व्हायचं. घरी गेल्यावर माणसं गांगरून जायची. ते बघूनच हे काम सुरू केलं, सुरुवातीला मी, एक मैत्रीण आणि माझी स्कूटर. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं जवळपास १० टक्के होती, त्यात मुलं बंगळूरला नाहीतर अमेरिकेत, त्यामुळे काम मिळायला वेळ लागला नाही. काम टिकवायचं कसं ते मात्र आम्हाला घराघरांनी शिकवलं.

वॉर्डात सगळे पेशंट सारखेच, सकाळी सहाला स्पंज म्हणजे ओल्या कापडाने अंग पुसणं, आठला नाश्ता, रात्री नऊला गोळ्या. घरात तसं चालत नाही हो. मार्केट यार्डाकडे एक जैन आजोबा होते, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, शुगर होती, आणि चौविहार पाळायचे म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. डॉक्टरांनी रात्री नऊला जेवण आणि गोळी लिहिलेली. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे आजोबा साडेपाचला जेवून मोकळे आणि पहाटे शुगर खाली. घरचे म्हणत होते की सिस्टर तुम्हीच समजवा त्यांना, आता या वयात कसलं व्रत. आमच्या सिस्टरनी समजवायला न जाता आधी एका कागदावर त्यांचा दिवस लिहून काढला, सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी झाली की पहिला घोट, उकळून गार केलेलंच पाणी, कांदा-लसूण-बटाटा नाही, संध्याकाळचं जेवण कधी, झोप कधी, शुगरचे आकडे कुठल्या वेळचे. तो कागद डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या, एक औषध कमी केलं, आणि जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांपासून बनणारी, कॅप्सूल होती तिच्या जागी टॅब्लेट दिली. आजोबांचं व्रत पण राहिलं आणि शुगरही सावरली.

तेव्हापासून आमच्याकडे पहिल्या भेटीचा फॉर्म आहे त्यात आजाराच्या आधी दिवस विचारतो. उठता कधी, अंघोळीआधी चहा की नंतर, पूजा, नमाज, चर्च काय असेल ते, स्पंज करायला बाई हवी की पुरुष. हा शेवटचा प्रश्न लोक संकोचाने टाळतात, पण आम्ही स्पष्ट विचारतोच, कारण पंचाहत्तर वर्षांच्या बाईला अनोळखी ब्रदरने डायपर बदललेला चालेल असं आपणच ठरवून टाकणं बरोबर नाही, आणि पुरुषांनाही लाज असते, ते बोलत नाहीत एवढंच.

कोंढव्यातल्या घरांसाठी रमजानच्या आधीच फोन करतो. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, पण ज्यांनी आयुष्यभर रोजे ठेवलेत त्यांना ती घेताना फार जड जातं, म्हणून इन्सुलिन असेल तर रोजा सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांशी बोलणं व्हायलाच हवं, मधेच नाही. वारकरी घरात गळ्यातली तुळशीची माळ स्पंज करताना काढायची नाही, बाजूला सरकवून पुसायचं. एकादशीला साबुदाण्याने शुगर झपकन वाढते, त्यामुळे ताटात काय किती हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवायचं.

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, पेशंटबाबत तर हे अजूनच खरं आहे. रास्ता पेठेत एक तमिळ आजी, उभा जन्म पुण्यात गेला, मराठी अस्खलित, पण आजार वाढला तशी मराठी सुटत गेली आणि लहानपणची तमिळ तेवढी राहिली. अंघोळीला नेलं की ओरडायच्या, ओरबाडायच्या. आमची मावशी नांदेडकडची, तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता. मुलीशी बोलल्यावर कळलं की आजी सगळं आयुष्य उजाडायच्या आत अंघोळ करायच्या आणि शुक्रवारी डोक्याला तिळाचं तेल लावून न्हायच्या, आणि आपण त्यांना अकरा वाजता नेत होतो कारण गिझर तेव्हा मोकळा असायचा. वेळ पहाटेची केली, शुक्रवारी तेल लावायला घेतलं. तेल कोमट करून मावशी आधी स्वतःच्या तळहातावर घ्यायची, आजींना वास घेऊ द्यायची, मग टाळूवर लावायची. ओरडणं पूर्ण थांबलं नाही, पण अंघोळ व्हायला लागली. मावशी ये, बस, पाणी, दुखतंय का एवढं तमिळ शिकली, मुलीने तिला मोबाईलवर रेकॉर्ड करून दिलं होतं.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. घराघरांच्या रीती जपायच्या म्हणतो तेव्हा येणाऱ्या बाईचं पण एक घर असतं, तिची पण भाषा असते, सण असतात. आमच्या बहुतेक मावश्या मराठवाडा-विदर्भातल्या, कुणी विधवा, कुणाची मुलं गावाकडे आजीपाशी. फोनवर विचारणा येते, 'ताई, कुठल्या समाजाची आहे?' भाषा, शाकाहारी घर, बाई की पुरुष हे आम्ही जुळवतो, जात विचारत नाही आणि सांगत नाही. हे पहिल्याच कॉलला सांगतो, कुणी कुणी तिथेच फोन ठेवतात, ठेवू देत. एका घरात आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलीला मागच्या बाल्कनीत जेवायला बसवायचे, कप-ताटली वेगळी, खिडकीत पालथी घालून ठेवलेली. महिन्याचं काम होतं, पैसे वेळेवर मिळत होते. दुसऱ्या दिवशी पेशंटसाठी दुसऱ्या एजन्सीची सोय होईपर्यंत मी स्वतः बसले आणि मुलीला काढून घेतलं. ज्या हातांनी तुमच्या आईची शी काढली जाते त्या हातांना तुमच्या कपातनं चहा मिळायलाच पाहिजे, याच्यात मी तडजोड करत नाही.

म्हणून आता करारात आमच्याही अटी आहेत. बारा तासांच्या ड्युटीत बसून जेवायला वेळ, चोवीस तासांवाल्या बाईला रात्री सलग झोप, आठवड्याची सुट्टी, आंबेडकर जयंती असो, ईद असो की गौरी, तिच्या सणाला रजा आणि त्या दिवशी बदली आम्ही देणार. मावशीला इंजेक्शन, सक्शन म्हणजे मशीनने कफ ओढून काढणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं सांगायचं नाही, ते नर्सचं काम. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कितीतरी जणी पेशंटच्या घरीच अडकल्या, तेव्हा ज्या घरांनी आमच्या बायकांना माणसासारखं वागवलं होतं तिथून एकही बाई काम सोडून गेली नाही.

रविवारी दुपारी आमच्याकडे ट्रेनिंग असतं, त्यात बीपी आणि शुगर मोजण्याबरोबर कुणाच्या देवघराजवळ चप्पल घालून जायचं नाही, कुणाकडे किचनमध्ये अंडं आणायचं नाही, हे पण शिकवतो आणि ते मावश्याच एकमेकींना आपल्या अनुभवातून सांगतात, मी फक्त ऐकते. सध्या पिंपरी कॅम्पात एक सिंधी आजी आहेत, पॅरालिसिसनंतर हिंदी येईना झालीय, सिंधीच तेवढी बोलतात, त्यांच्यासाठी सिंधी समजणारी बाई शोधतोय. तोवर शेजारच्या काकू रोज संध्याकाळी अर्धा तास येऊन बसतात आणि आमची मावशी वहीत शब्द लिहून घेते.